मदत हवी आहे: वडिलांना तीर्थन नदीवर ट्राउटसाठी न्यायचंय, गाइड कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे. वडिलांना गळ टाकण्याचा फार जुना नाद. गंगापूरचं बॅकवॉटर, दारणा, मुकणे, सगळे काठ त्यांना पाठ. कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, तंगूस, आणि बुचावर नजर लावून तासन्‌तास बसणं ही त्यांची रीत. रोहू, कटला, नशिबात असली तर मरळ. आता निवृत्त झालेत, साठी ओलांडलीय. परवा जेवताना सहज बोलून गेले की एकदा तरी थंड पाण्यातला ट्राउट गळाला लागायला हवा होता. म्हणून येत्या हंगामात त्यांना हिमाचलात, कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर न्यायचं ठरवलंय.

तीर्थनच का? ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून ती उतरते आणि लारजीला बियासला मिळते. तिच्यावर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि तिथल्या गावकऱ्यांनी लढा दिला, म्हणून ती आजही मोकळी वाहते. रामकुंडावर गोदेचं पाणी रोज बघणाऱ्या माणसाला एवढ्या एका कारणासाठीही ती नदी दाखवावी असं मला वाटतं.

नाशिकरोडहून पंजाब मेलने दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची बस, औटला उतरून टॅक्सीने बंजारमार्गे गुशैणी, इतपत जमवलंय. अडलंय ते पुढे. एका एजंटने फोनवर ‘दिवसाला इतके मासे, गॅरंटी’ असं सांगितलं आणि तिथेच माझं मन उठलं. मग चांगला गाइड ओळखायचा कसा? बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना वाहत्या पाण्यात उभं करावं का? एप्रिल बरा की ऑक्टोबर? फ्लाय (किड्यासारखं दिसणारं हलकं, बनावट आमिष) फेकायची तयारी इथे नाशकात करता येईल का?

आणि एक जरा अवघड प्रश्न. तिकडे मासा धरून सोडून देतात. बाबांचं म्हणणं, खायचा नसेल तर मुळात धरूच नये, जीवाचे हाल कशाला? मला हे खोडून काढता येत नाही आणि खोडावंसंही वाटत नाही. तुम्ही काय करता?

पंचवटीकर:

तीर्थनला जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर वाळू-गोट्यांत अंडी घालतो. एप्रिल चांगलाच, पण बर्फ वितळायला लागलं की दुपारनंतर पाणी चढतं. जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ लोंढे, तेव्हा नावही काढू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सांगेन. पाणी उतरलेलं, नितळ, तळ दिसतो. मासा मात्र जास्त बुजरा असतो.

गाइडचं म्हणाल तर पहिल्या दहा मिनिटांत कळतं. आमचा गाइड काठावर पोचल्यावर रॉडला हातच लावेना. उथळ पाण्यात वाकून त्याने एक गोटा उलटा केला. खालच्या बाजूला बारीक खड्यांच्या नळ्या चिकटलेल्या, त्यात अळ्या, आणि शेजारी चपटे, तुरतुरणारे किडे. ‘आज हे खातायत,’ म्हणाला आणि डबीतून तशीच दिसणारी फ्लाय काढली. मग मोठ्या दगडामागे जोराचं आणि संथ पाणी जिथे घासतं ती रेघ दाखवली. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून तिथे उभा राहतो, म्हणून आपण खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. माशांची गॅरंटी देणाऱ्यापेक्षा असा माणूस शोधा. फोनवर विचारा की लायसन्स मत्स्य विभागाकडून तुमच्या नावाने काढून देणार का. जो टाळाटाळ करेल त्याला सोडा.

पाण्यात घोट्याच्या वर उतरवू नका. गोटे शेवाळलेले असतात. तळाला फेल्ट लावलेले बूट आणि हातात काठी हवीच. काठावरूनही हाताला येतील असे डोह आहेत, गाइडला आधीच सांगून ठेवा.

सरावासाठी गोल्फ क्लबजवळचं ईदगाह मैदान, सकाळी लवकर. नऊ फुटी, पाच नंबरचा (नंबर दोरीच्या वजनाचा) रॉड घ्या, टोकाला हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. बाबांना एक सवय मोडावी लागेल. आपल्या गळाला वजन शिशाचं असतं, फ्लाय फेकताना वजन दोरीचंच. म्हणून मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. घाई केली की दोरी पायाशी गोळा होते.

मत्स्यविद्या:

बाबांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. ब्राउन ट्राउट मूळचा इथला नाही, इंग्रजांनी आणून सोडलेला. पण तीर्थनमधले मासे आता तिथेच जन्मतात आणि थंड पाण्यात सावकाश वाढतात. मोठी मादी काढली की पुढच्या पिढीची अंडी गेली. तरी नियमात बसत असेल तर एखादा ठेवणं गैर नाही. माझा स्वतःचा मार्ग असा: नदीतला सोडायचा, आणि खायला तिथल्याच ट्राउट फार्मचा रेनबो (ट्राउटचीच दुसरी जात) घ्यायचा, गेस्टहाउसवाले छान तळून देतात. सोडायचा असेल तर हाल कमी करणं आपल्याच हातात असतं. टोकाशी उलटा काटा नसलेला हुक वापरा, हात आधी ओले करा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, आणि मासा पाण्यातच ठेवून हुक काढा. फोटोसाठी काठावर आपटत ठेवू नका. तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा, जोर आला की तो आपणहून जातो.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. फार्मचा खायचा ही गोष्ट त्यांना पटली, पण ‘नदीतला एक तरी ठेवायचा का, ते तिथे गेल्यावर मी ठरवीन’ म्हणाले. ऑक्टोबर पक्का. आता एवढंच सांगा, सरावासाठी पाच नंबरचा रॉड नाशिक-पुण्यात दुकानात हाताळून घेता येतो का, की ऑनलाइनच मागवावा लागतो?