हम्पी बायकोसोबतच बघायची म्हणून थांबलोय. चुकतंय का?

जुळे सोलापुरातला एकटा

वय 29. घरात स्थळं बघणं चालू आहे. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. डिसेंबरात मित्रांची गाडी हम्पीला निघाली होती, पाचवी सीट माझी. मी नाही म्हणालो. कारण विचारलं तर खरं ते सांगून बसलो: हम्पी मी बायकोसोबत बघणार. त्या दिवसापासून ग्रुपवर सगळे मला 'हम्पीचे जावई' म्हणतात.

अशा राखून ठेवलेल्या जागा तीन आहेत. हम्पी, म्हणजे विजापूरमार्गे होसपेट, सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरी लडाखचं पँगाँग. तिसरी नॉर्वेतलं ट्रॉम्सो, आभाळात तो हिरवा ध्रुवीय प्रकाश दिसतो ना, तो बघायला. चौथी गोल घुमट होती, पण ती पाचवीच्या सहलीत वाया गेली. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की पार समोरच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्या माणसाला ऐकू जातं, असं सरांनी सांगितलं होतं. आम्ही साठ पोरं एकदमच बोंबललो. घुमटाने ते सात-सात वेळा परत केलं. कुणाला काही ऐकू आलं नाही, माझा डबा तेवढा हरवला. पण तेव्हाच वाटलं होतं की हे दोघांनी मिळून करायचं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच, की जागा पहिल्यांदा बघण्याची मजा एकदाच मिळते. ती टवाळ मित्रांवर का उधळू? मत द्या. शिव्या बेताने द्या.

कडक भाकरी

काय करलालास बे! बायकोचा पत्ता नाही, हम्पीचं रिझर्वेशन तयार. आधी गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावरच्या मोठ्या पाळण्यात बसून बघा दोघं. खाली उतरल्यावर दोघं हसत असलात तर नॉर्वेचं बघू.

मंगळवार पेठेतली

आमच्या आईकडे एक इरकल होती. ठेवणीतली. कुणाच्या लग्नात नेसायची, कोणत्या सणाला नेसायची, सगळं ठरलेलं. वीस वर्षांनी ट्रंकेतून काढली तेव्हा रंग होता तसाच, पण घडीवर विरली होती. उचलली तशी चार तुकडे.

मी दोन वर्षांपूर्वी एकटी हम्पीला गेले. तेव्हा 31 ची होते आणि लग्न अजूनही झालेलं नाही. पहाटे मातंग टेकडी चढले, धापा टाकत. वर आठ-दहा अनोळखी माणसं गप्प बसली होती. ऊन आधी लांबच्या शिळांवर पडतं, मग खाली अच्युतरायाच्या देवळावर. दुपारी मात्र हाल. ते धोंडे तव्यासारखे तापतात, सावली शोधत विठ्ठल मंदिरात शिरले. पन्नासच्या नव्या नोटेवर जो दगडी रथ आहे तो तिथलाच. तो बघायला झुंबड असते, पण मला गाभारा लक्षात राहिला. रिकामा आहे. आपल्याकडे सांगतात ना, कृष्णदेवरायाने विठोबा हम्पीला नेला आणि संत भानुदासांनी तो परत पंढरपूरला आणला. ती कथा लहानपणापासून ऐकत आले होते, पण गाभाऱ्यापाशी उभी राहिले तेव्हा आपलंच काहीतरी इथून उचलून घरी आणल्यासारखं वाटलं. शेजारी नवरा असता तर कदाचित म्हणाला असता, चल, भूक लागली.

आता खरा प्रश्न. तिन्ही जागा तू निवडल्यास. तिला विचारणार कधी? का ती फक्त तुझ्या फोटोतली मोकळी जागा भरायला येणार आहे?

होटगी रोड

मी धागाकर्त्याच्या बाजूने. इथे सगळे त्याला झोडपणार दिसतंय, म्हणून मुद्दाम लिहितो.

लग्नाआधी मी गोव्याला सहा वेळा गेलो, मित्रांसोबत. सातव्यांदा बायकोला घेऊन गेलो. पहिल्या दिवसापासून माझी टकळी सुरू: इथे आमचा बाप्या पडला होता, या टपरीवर मासे चांगले, तो किनारा बेकार, तिकडे नको, गर्दी असते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, तुम्ही बघून आलायत, मी तुमच्या मागून चाललेय. परत आल्यावर महिनाभर मला घरात 'गाईड' म्हणत होती.

पुढच्या वर्षी दोघांनाही काहीच माहीत नसलेल्या ठिकाणी गेलो. रस्ता चुकलो, भांडलो, चुकीच्या बसमध्ये बसलो. पण चुकलो ते बरोबरीने. बरोबरीने अडाणी असण्यात काय मजा असते ते एकटं फिरणाऱ्यांना कळायचं नाही. तेव्हा त्याने एखादी जागा शिल्लक ठेवली तर बिघडलं कुठे?

मंगळवार पेठेतली

> एकटं फिरणाऱ्यांना कळायचं नाही

तोंड आवरता आलं असतं तर गोवाही बरोबरीनेच झालं असतं. दोष सहा फेऱ्यांचा नाही, टकळीचा. मी उद्या कुणासोबत हम्पीला गेलेच तर पावसाळ्यात जाईन, तुंगभद्रा भरलेली असताना, आणि मातंग टेकडीवर त्याला पुढे चढू देईन. वर काय दिसतं ते सांगणार नाही.

होटगी रोड

सांगाल. नाही सांगितलंत तर मला कळवा.

लेहचा नवरा

धागाकर्त्या, पँगाँगबद्दल सांगतो, कारण मी ते स्वप्न साधारण तुझ्यासारखंच राखून ठेवलं होतं. सरप्राईज म्हणून. लग्नानंतर पंधराव्या दिवशी विमानाने लेह.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. लेह साडेतीन हजारांवर. विमान तुम्हाला तासाभरात तिथे नेऊन टाकतं, पण रक्ताला तेवढ्या उंचीची सवय व्हायला दिवस लागतात. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, जिना चढतानाही दम खायचा, हे सगळे सांगतात. मी पाच दिवसांत सगळं कोंबलेलं. दुसऱ्याच दिवशी निघालो. वाटेतला चांग ला घाट पाच हजार मीटरच्याही वर. बायकोचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. निळं पाणी तिने गाडीच्या काचेतून पाहिलं, हातात प्लास्टिकची पिशवी. माझ्याकडे एकदाच बघितलं. काही बोलली नाही. ते बघणं अजून आठवतं.

नंतर कळलं, तिला पंढरपूरच्या एसटीतही गाडी लागते. आधी विचारलं असतं तर तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं. आम्ही गोकर्णला गेलो असतो.

कडक भाकरी

त्या तलावाचा निळा रंग आणि आमच्या वहिनींचा हिरवा. फोटो टाका की!

आकडेमोड

नॉर्वेचं कुणीच बोलेना. मी खर्चाच्या बाजूने बोलतो.

नॉर्वेला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी 2024 च्या जूनपासून माणशी 90 युरो. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, आयकराचे कागद, कारखान्याचं रजेचं पत्र, हे वेगळं. ते सगळं जमलं तरी प्रकाश दिसायला आभाळ मोकळं लागतं, आणि ट्रॉम्सो समुद्रकाठी आहे, ढग येणारच. चार रात्री जाऊन चारही रात्री ढग बघून आलेली माणसं आहेत. आणखी एक. फोटोत जो पोपटी रंग दिसतो तो कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो म्हणून. प्रकाश मंद असेल तर डोळ्याला तो पांढुरका धूर वाटतो. जोर असेल तर हिरवा दिसतो, नाचतोही, पण त्याची हमी कोण देणार?

तेव्हा नवीन बायकोला उणे दहात रात्री दोन वाजता उभं करून 'तो बघ धूर' म्हणायची तयारी असेल तरच राखून ठेव.

निवृत्त वाहक

बाळा, मी एसटीत कंडक्टर होतो. तुझ्यासारखंच मीही ठरवलं होतं. काश्मीर. 1990 च्या मे महिन्यात जायचं म्हणून वर्षभर पैसे साठवले आणि त्याच वर्षी तिकडची परिस्थिती चिघळली. मग पोरं झाली, घर बांधलं. गेलो एकदाचे, निवृत्तीनंतर. ट्युलिपची बाग पाहिली, दल सरोवरात शिकाऱ्यात बसलो. मंडळींनी अख्खा वेळ त्या शिकारेवाल्याला विचारलं की नावेचा हप्ता किती, दुरुस्तीला किती लागतात, थंडीत कमाई काय. तो पण मोकळेपणाने सांगत होता. मी एकटाच डोंगर बघत होतो.

पण तू विचारलंस म्हणून सांगतो. लग्नाच्या वर्षी कोजागरीला आम्ही दोघं सोलापूरहून तुळजापूरला चालत गेलो होतो, हजारो लोक जातात तसे. पंचेचाळीस किलोमीटर. तामलवाडीच्या अलीकडे मंडळींच्या चपलेचा अंगठा तुटला. माझी घाल म्हटलं तर मोठी होते म्हणाली. मग मीही काढून पिशवीत टाकली. चांदणं एवढं होतं की रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता आणि तरी प्रत्येक खडा लागत होता. पहाटे घाट चढताना ती पहिल्यांदा मला नावाने हाक मारून गेली. घरी कधी मारत नव्हती.

काश्मीरचे फोटो आहेत. याचा नाही.

जुळे सोलापुरातला एकटा

सगळं वाचलं. लेहचं वाचून घाम फुटला. काका, तुमचं दोनदा वाचलं.

एक कबुली देतो, इथे कुणी ओळखत नाही म्हणून. मागच्या महिन्यात एका मुलीला भेटलो. मी विचारलं, फिरायला आवडतं का? ती म्हणाली, खरं सांगू, सुट्टीच्या दिवशी मला झोपायला आवडतं. मी घरी येऊन 'नाही' कळवलं.

मंगळवार पेठेतली

देवा! आठवड्यात सहा दिवस नोकरी करत असेल ती. कुणीतरी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं आणि तू तिला हम्पीच्या परीक्षेत नापास केलंस.

कडक भाकरी

तिचा नंबर असेल तर आत्ता फोन कर येड्या.

होटगी रोड

मी इतका वेळ तुझी बाजू घेतली रे. यात नाही घेऊ शकत.

जुळे सोलापुरातला एकटा

मान्य. पण दुसरी बाजू पण ऐका. वडील गेले तेव्हा मी विशीत होतो. तेव्हापासून घरात पैसा खर्च करताना आईच्या तोंडाकडे बघायची सवय लागली. मित्रांसोबत हम्पी म्हटलं तर ती नाही म्हणणार नाही, पण 'किती लागतील?' एवढं विचारेल आणि मी आपोआप बेत रद्द करेन. तेच लग्नानंतर दोघांनी जायचं म्हटलं तर ती स्वतः डबा बांधून देईल. मलाच लिहिता लिहिता कळतंय हे.

मंगळवार पेठेतली

आता बोललास खरं. याला मी प्रेम म्हणत नाही, परवानगी म्हणते. आमच्या घरी प्रत्येक सहलीवर हाच शेरा होता: लग्न झालं की नवऱ्यासोबत जा. कॉलेजची सहल, मैत्रिणींचं गोकर्ण, सगळ्यावर. मग मुली जी ठिकाणांची यादी करतात, 'त्याच्यासोबत इथे जायचंय', त्यातल्या निम्म्या जागा त्याच्यासाठी नसतातच. त्याच्याशिवाय घरातून सोडत नाहीत म्हणून त्याचं नाव लागतं. मुलग्यांनाही हे लागू असेल असं मला वाटलं नव्हतं.

होटगी रोड

असेल. पण सगळ्याच राखून ठेवलेल्या जागा परवानगीच्या नसतात हो. काही नुसत्या आवडीनेही ठेवतो माणूस. आणि व्यवहाराचं बोलायचं तर सोलापुरात लग्नानंतरचा पहिला प्रवास ठरलेलाच आहे: तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, जमल्यास जेजुरी, एका तवेरात नऊ माणसं, मागच्या सीटवर नवरा-नवरी आणि मध्ये आत्या. जेजुरीला बायकोला उचलून पाच पायऱ्या चढलात की तुमचा मधुचंद्र झाला. त्यानंतर एखादी जागा फक्त दोघांची असावी असं वाटलं तर त्याला नावं ठेवू नका.

मंगळवार पेठेतली

नाही ठेवत. एक ठेव. पण तीनही नको, आणि तिची एक त्यात असू दे. ती 'आपली गादी' असली तरी.

जुळे सोलापुरातला एकटा

दोन दिवसांनी लिहितोय. त्या मुलीच्या घरी मध्यस्थांकरवी विचारलं. तिचं दुसरीकडे ठरलं. असो.

काल रात्री जेवताना आईला सहज विचारलं, तू गोल घुमट बघितलास का? तिचं माहेर इंडीचं, विजापूर जिल्ह्यातलं. म्हणाली, बसमधून घुमट दिसायचा, उतरलो कधीच नाही, तुझे बाबा म्हणायचे एकदा निवांत येऊ. मग ती ताट उचलून आत गेली आणि आतूनच विचारलं, गाडी किती वाजता असते?

रविवारी जातोय. हम्पी अजून ठेवलीय, कडक भाकरीने कितीही बोंबललं तरी. सकाळी लवकर गेलं, शाळेच्या सहली यायच्या आत, तर वर सज्जात शांतता मिळते का? कुणी अलीकडे गेलंय का?

निवृत्त वाहक

लवकर गेलास तर मिळेल. जिना कोपऱ्याच्या मनोऱ्यातून आहे, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, सात मजले. आईला पुढे चालू दे, तू मागे राहा. वर गेल्यावर आधी दहा मिनिटं बसा. मग तिला एका बाजूला भिंतीशी उभं कर आणि तू अर्धा वळसा घालून समोर जा. ओरडू नको. अगदी हळू बोल.