स्मॉग चाचणीत नापास झालेली गाडी दान करताना : तुमचे अनुभव

अबोली
परवा डीएमव्हीकडून, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाकडून, नोंदणी नूतनीकरणाचे पत्र आले आणि त्यातली ‘स्मॉग प्रमाणपत्र (गाडीच्या धुराच्या चाचणीत उत्तीर्ण झाल्याचा दाखला) आवश्यक’ ही ओळ वाचून मला २०१३ साल आठवले. कॅलिफोर्नियात आल्यावर आम्ही घेतलेली पहिली गाडी १९९८ सालची होती. दोन्ही मुली जन्मल्यानंतर तिच्यातूनच घरी आल्या आणि तेरा वर्षांत तिने आम्हाला एकदाही रस्त्यात अडकवले नाही. त्या वर्षी तपासणी केंद्रात तिला रोलरवर चढवून सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावली, तेव्हा ताशी १५ आणि २५ मैल अशा दोन्ही वेगांना नायट्रिक ऑक्साइडचा आकडा मर्यादेच्या वर गेला. चालवताना काहीही जाणवत नव्हते, धूरही दिसत नव्हता, तरी कागदावर ‘फेल’ हा शब्द उमटला. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागेल, आणि या राज्यात मान्यताप्राप्त कन्व्हर्टरच बसवावा लागत असल्याने तो खर्च गाडीच्या किमतीपेक्षा अधिक होईल, असे मेकॅनिकने सांगितले.

कुणाला खाजगीत विकायची, तर ९० दिवसांच्या आतले स्मॉग प्रमाणपत्र देणे ही इथे विकणाऱ्याची जबाबदारी असते, म्हणून तो मार्ग बंद झाला. शेवटी आम्ही ती एका धर्मादाय संस्थेला दिली. टो ट्रक आला, दहा मिनिटांत गाडी नजरेआड झाली आणि काही आठवड्यांनी ती ३२० डॉलरला विकल्याचे पत्र आले. पैशांची मला खंत नव्हती. जो धूर मला माझ्या मुलींच्या श्वासात नको होता, तोच मी दुसऱ्या कुणाच्या मुलांच्या वाट्याला पाठवला का, हा प्रश्न मात्र मला कित्येक रात्री छळत होता. मी संस्थेला फोन करून विचारले, तेव्हा गाडी सुटे भाग काढणाऱ्या परवानाधारक व्यावसायिकाकडे गेल्याचे कळले आणि मन शांत झाले. तुमच्यापैकी ज्यांनी अशी नापास गाडी दिली असेल, त्यांनी पुढे तिचे काय झाले आणि देताना काय वाटले, हे कृपया लिहावे.

रानवारा
न्यू जर्सीत आमच्या गाडीच्या काचेवर तपासणीत नापास झाल्याचा लाल स्टिकर लागला होता आणि शेजाऱ्यांच्या नजरेला तो पडू नये म्हणून बाबा ती गाडी उलटी लावत असत. दान करताना नंबर प्लेट काढून परत जमा करायच्या असतात, हे आम्हाला टो ट्रकच्या चालकाने सांगितले, आणि त्या भल्या माणसाने स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर दिला. प्लेट जमा केल्याची पावती मिळाल्यावरच विमा बंद करावा.

केवडा
अबोलीताई, तुमचा प्रश्न वाचून गलबलून आले, कारण मी तो स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आमची गाडी ओढून नेण्याआधी मी डॅशबोर्डवरचा गणपती काढायला गेले, तर अकरा वर्षांच्या उन्हाने तो तिथे घट्ट चिकटून बसला होता. तासभर कोमट पाण्याचे फडके ठेवून तो अलगद सोडवला. तो आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. गाडी कुठे गेली, ते मला आजही ठाऊक नाही, आणि आता ते विचारायला हवे होते असे वाटते.

तळेकाठ
कराच्या बाबतीत अजूनही अनेकांच्या मनात जुना समज आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पूर्वी दाता गाडीची पुस्तकी किंमत स्वतःच ठरवून वजावट घेत असे. जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २००३ साली ५४ गाड्यांच्या देणग्यांचा माग काढला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत संस्थेच्या हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कम दात्याने दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी असल्याचे आढळले. २००४ सालच्या कायद्याने हे बदलले. १ जानेवारी २००५ पासून, संस्थेने गाडी तशीच विकली, तर ५०० डॉलरच्या वरची वजावट फक्त विक्रीतून आलेल्या रकमेइतकी मिळते, आणि विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत संस्थेने दात्याला १०९८-सी हा वाहनदानाचा कर-फॉर्म द्यायचा असतो. गाडी ५०० किंवा त्याहून कमी डॉलरला विकली गेली, तर बाजारभाव आणि ५०० यांपैकी जो आकडा लहान असेल तो घेता येतो, म्हणजे अबोलीताईंना ३२० वरच थांबण्याची सक्ती नव्हती.

हे सगळे अर्थातच वजावटी एकेक करून मांडणाऱ्यांसाठी आहे. २०१८ साली पती-पत्नींच्या एकत्रित विवरणपत्रासाठी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे एकेक खर्च न मांडता सरसकट मिळणारी वजावट, १२,७०० वरून २४,००० डॉलरवर गेले, आणि तेव्हापासून बहुतेक घरांना नापास गाडीच्या दानातून करात काहीच फरक पडत नाही. माझ्या मते हे ठीकच आहे. पण ‘भरघोस करसवलत’ अशी जाहिरात ऐकून गाडी देणाऱ्याला हे आधी समजले पाहिजे, कारण नंतर होणारी निराशा तो संस्थेवर काढतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, ती संस्था खरोखर ५०१(सी)(३), म्हणजे देणगीवर वजावट मिळणारी करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का, हे आयआरएस या कर खात्याच्या शोधयादीत पाहायला दोन मिनिटे पुरतात.

काजवा
मी एका गोष्टीत चुकले आणि ती चूक कुणी पुन्हा करू नये असे वाटते. कॅलिफोर्नियात गाडी दिल्यावर पाच दिवसांच्या आत जबाबदारीमुक्तीची सूचना (गाडी आता आपल्याकडे नाही, ही माहिती) डीएमव्हीला आपण स्वतः कळवायची असते. मी समजले की ते काम संस्था करील. दोन महिन्यांनी माझ्या नावावर तीन पार्किंगचे दंड आले, तेही मी कधी न गेलेल्या शहरातून! म्हणजे माझी नापास गाडी तिथे कुठेतरी रस्त्यावर उभी राहत होती, आणि अर्थातच चालतही होती. दंड पुढे रद्द झाले, परंतु ‘गाडीचे सुटे भाग केले जातील’ असे फोनवर मला दिलेले आश्वासन खोटे ठरले होते, याचा राग अजून गेलेला नाही.

दूरदेशी
काजवा, तुमचा राग योग्य आहे. मी निवृत्तीनंतर चार वर्षे एका छोट्या संस्थेच्या वाहनदान विभागात शनिवारी स्वयंसेवक म्हणून काम केले, म्हणून आतली बाजू थोडी सांगू शकतो. आलेल्या गाडीचे भवितव्य आम्ही दात्याने फॉर्मवर लिहिलेल्या चार ओळींवरून ठरवत असू. चाचणीत नापास झालेली गाडी परवानाधारक विक्रेते आणि सुटे भाग काढणारे यांच्याच लिलावात पाठवली जाई. विक्रेत्याने ती घेतली, तर दुरुस्त करून, चाचणीत उत्तीर्ण करूनच पुढे विकणे ही त्याची जबाबदारी असते. भाग काढणाऱ्याकडे गेली, तर आधी तेल, कूलंट आणि एसीतला वायू काढून घेतात, शिशाची बॅटरी वेगळी करतात, कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांसाठी तो स्वतंत्रपणे विकला जातो, आणि उरलेला सांगाडा चिरडून पोलाद वितळवायला पाठवतात. ज्या कन्व्हर्टरमुळे गाडी नापास झाली, त्यातल्या धातूंनाच अनेकदा सर्वाधिक भाव येतो, याचे मला दर वेळी नवल वाटत असे.

मात्र एक प्रकार मला फार खटकत असे. काही दाते चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने विझवून गाडी देत. १९९६ पासूनच्या सर्व गाड्यांत संगणक स्वतःच्या तपासण्या करून निकाल साठवतो. दिव्यामागचा बिघाडाचा कोड पुसला की ते निकालही कोरे होतात आणि कित्येक मैल चालवल्याशिवाय पुन्हा भरत नाहीत. म्हणजे पुढच्या माणसाच्या हातात वरवर निरोगी दिसणारी गाडी जाते आणि दोन आठवड्यांनी ‘पी०४२०’ हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा तोच कोड परत येतो. आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने अशी गाडी नाइलाजाने दुरुस्त केली आणि त्यात त्याचा महिन्याचा नफा गेला. दान देताना दोष लपवणे मला चोरीइतकेच वाईट वाटते, आणि हे मी कठोर होऊन नव्हे, तर त्या माणसाचा चेहरा पाहिल्यामुळे लिहितो आहे.

जुईली
कुकर लावला आहे म्हणून थोडक्यात लिहिते. कॅलिफोर्नियातल्यांनी दान करण्याआधी राज्याच्या सीएपी (कन्झ्युमर असिस्टन्स प्रोग्राम) या वाहनमालकांना मदत करणाऱ्या योजनेची चौकशी जरूर करावी. नापास गाडी कायमची मोडीत काढण्यासाठी राज्य १,३५० डॉलर देते आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास २,००० देते. अर्ज आधी मंजूर व्हावा लागतो आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत मोडीच्या आवारापर्यंत पोहोचली पाहिजे. आम्ही तसे केले आणि मिळालेली पूर्ण रक्कम आमच्या आवडत्या अन्नपेढीला चेकने दिली. तीच गाडी थेट दिली असती, तर लिलाव आणि मध्यस्थ यांचा वाटा जाऊन अन्नपेढीला फार थोडे मिळाले असते. शिवाय ते इंजिन पुन्हा कुठेही सुरू होणार नाही, ही खात्री मिळाली.

अबोली
जुईली, २०१३ मध्ये हे मला कुणी सांगितले असते, तर मी हेच केले असते. दूरदेशी काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आम्ही फॉर्मवर ‘स्मॉग चाचणीत नापास’ असे स्पष्ट लिहिले होते, त्या एका ओळीचे इतके महत्त्व असेल याची तेव्हा कल्पना नव्हती.

सावरी
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मला अशीच एक गाडी मिळाली होती. नवऱ्यापासून वेगळी झाले, तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता आणि नोकरीच्या ठिकाणी जायला दोन बस बदलाव्या लागत. निवारागृहातल्या बाईंनी एका संस्थेकडे माझे नाव दिले. त्यांच्याकडे दान आलेली एक गाडी उत्सर्जन चाचणीत नापास झालेली होती. त्यांच्या कार्यशाळेत ऑक्सिजन सेन्सर बदलून, ती पुन्हा तपासून, उत्तीर्ण झाल्याचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून त्यांनी मला किल्ली दिली. आधीच्या मालकाने दोष नेमका लिहून, मेकॅनिकच्या तपासणीची पावतीही जोडली होती, त्यामुळे शोधाशोधीचा खर्च वाचला, असे तिथल्या माणसाने मला सांगितले. तो मालक कोण, हे मला कधीच कळणार नाही. मी ती गाडी सहा वर्षे चालवली. त्यामुळे नापास गाडी म्हणजे फक्त भंगार असे कुणी समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तळेकाठ
सावरीताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले. संस्था गाडी गरजू व्यक्तीला मोफत किंवा बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त देते, तेव्हा दात्याला विक्रीच्या रकमेचे बंधन नसते आणि पूर्ण बाजारभावाची वजावट मिळू शकते. १०९८-सी फॉर्मवर त्यासाठी वेगळा चौकोन आहे. कायद्याने सावरीताईंसारख्यांचा विचार केला आहे, याचे मला समाधान वाटते.

केवडा
२००९ ची जुनी गाड्या मोडीत काढण्याची अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना कुणाला आठवते का? नव्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट मिळे, पण इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचे बंद पाडत. माझ्या भावाने ते समोर उभे राहून पाहिले होते आणि घरी येऊन तो जेवला नव्हता. सावरीचा प्रतिसाद वाचून त्या गाड्यांची आठवण झाली.

नीलमोहर
कृपया कुणीतरी लवकर उत्तर द्या. उद्या सकाळी टो ट्रक येणार आहे, आणि टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, माझे व सासऱ्यांचे अशी दोन नावे आहेत. सासरे सध्या भारतात आहेत. गाडी याच महिन्यात नापास झाली. आम्ही सॅक्रामेंटोजवळ राहतो.

काजवा
दोन नावांच्या मध्ये ‘अँड’ छापले असेल, तर दोघांच्याही सह्या लागतील. ‘ऑर’ असेल, तर तुमची एकटीची पुरे. आता कपाटातून काढून पाहा आणि ‘अँड’ असेल तर टो ट्रक पुढे ढकला. ती पाच दिवसांची सूचना स्वतः भरा आणि तिची प्रत जपून ठेवा.

नीलमोहर
‘ऑर’ आहे! फार मोठे ओझे उतरले. जुईली यांच्या योजनेचा विचार केला होता, परंतु गाडी आता सुरूच होत नाही. फॉर्ममध्ये आधी मी फक्त ‘जुनी गाडी’ एवढेच लिहिले होते. आता त्याखाली चाचणीची तारीख, नापास होण्याचे कारण आणि कोड लिहिला आहे, आणि तपासणीचा अहवाल टायटलबरोबर पाकिटात घातला आहे.