मदत हवी आहे: ३०० एसएल (१:२४) – चंदेरी रंग पांढुरका पडला, चट्टे आले, दार अडकतंय

करडी_छटा

टामिया या जपानी कंपनीच्या किटमधून मर्सिडीज ३०० एसएलचं १:२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचं) प्लास्टिक मॉडेल जुळवणं चालू आहे, तेच वर उघडणाऱ्या दारांचं. बॉडीला राखाडी प्रायमरचे दोन हात, त्यावर टीएस-३० (सिल्व्हर लीफ, टामियाचाच चंदेरी लॅकर) कॅनने तीन हात. जागा ठाण्यातली बाल्कनी, हवा जुलैची. सध्याची अवस्था:

१. टपावर आणि उजव्या मडगार्डवर दुधाची साय धरल्यासारखी पांढुरकी झाक. पुसून जात नाही.
२. बॉनेटवरच्या दोन उंचवट्यांच्या कडेने काळपट चट्टे, ढगासारखे.
३. डाव्या दारावर धुळीचा कण बसला होता. तो २०००च्या वॉटर पेपरने घासला, तर तिथे काळा ठिपका उमटला.
४. रंगाआधी दोन्ही दारं नीट बसत होती. आता उजवं टपाच्या कडेला अडकतं.

क्लिअर (वरचा पारदर्शक थर) अजून मारलेलं नाही. हाताशी ९९ टक्के आयसोप्रोपिल, गॅरेजवाल्याकडचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर आणि त्याच्याकडचंच २के (हार्डनर मिसळायचं) क्लिअर आहे. सगळं उतरवून पुन्हा करावं, की वरून एखादा हात मारून निभावेल?

---

वॉटरपेपर

पहिली गोष्ट, तो एनसी थिनर बॉडीपासून लांब ठेवा. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात विरघळतं. प्रायमर आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण कडांवर प्रायमर नेहमीच पातळ असतो. तिथून तो आत शिरतो आणि प्लास्टिकला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. त्या पुटीने भरल्या तरी चंदेरी रंगाखाली पुन्हा दिसतात.

आता क्रमांक १. ही ओल आहे. लॅकर उडताना पृष्ठभाग गार होतो. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो, म्हणजे पृष्ठभाग जेमतेम तीन अंश गार झाला की ओल्या रंगात पाणी उतरतं. तीच हवा ५५ टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १८ वर जातो आणि दहा अंशांची मोकळीक मिळते. दोनतीनशे रुपयांचा आर्द्रतामापक रंगाच्या जागेपाशी टांगा. ६५च्या वर काटा असेल त्या दिवशी चाकं आणि सीट रंगवा, बॉडी नको.

नुसती ही झाक असती तर कोरड्या हवेत त्याच रंगाचा एक पातळ, ओलसर हात दिला की बहुतेक वेळा जाते. नवा सॉल्व्हंट खालचा थर सैल करतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. पण तुमचे चारही दोष एकत्र धरले तर माझं मत: उतरवा.

---

सुरी_नं_११

२ आणि ३ बद्दल.

चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या. हात जाड आणि ओला पडला की त्या चकत्या सुकेपर्यंत पोहत राहतात आणि उंचवट्याच्या पायथ्याशी, खाचेत, कडेला गोळा होतात. ३०० एसएलच्या बॉनेटवर दोन लांबट उंचवटे आहेत, आणि तिथेच तुमचे ढग आलेत. (मूळ गाडीत इंजिन डावीकडे ५० अंश कलतं बसवलंय, बॉनेट खुजं ठेवायला. एक उंचवटा इंजिनच्या गरजेचा, दुसरा जोडीला जोड म्हणून.)

ठिपक्याचं कारण वेगळं. पेपर लागला की वरच्या आडव्या निजलेल्या चकत्यांची टोकं कापली जातात आणि त्या उजेड परतवत नाहीत. म्हणून चंदेरी थर कधीच घासायचा नाही. कण बसलाच तर सुकू द्या, सुरीच्या टोकाने अलगद उचला, वर धुक्यासारखा हात द्या. घासायचं ते आधी प्रायमर, नंतर क्लिअर. मधलं काही नाही.

त्या ठिपक्यावर नुसता तेवढ्यापुरता रंग मारू नका. गोल डाग कायमचा दिसेल.

---

पाऊण_मिमी

दाराचा हिशेब करून बघा. खऱ्या गाडीत दाराची फट समजा ५ मिमी. २४ने भागा: ०.२ मिमी. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून एका कडेवर सहज ०.०८ ते ०.१ मिमी चढतं, आणि फटीला कडा दोन. म्हणजे फट रंगानेच भरली. यात किटचा दोष नाही.

या गाडीत तर दार टपातही खोल कापलेलं आहे. खालून नळ्यांचा सांगाडा उंच येतो, नेहमीचं दार बसायला जागाच उरत नाही, म्हणून बिजागऱ्या टपावर गेल्या. मॉडेलमध्ये दोन दारांच्या मधे टपाची एक अरुंद पट्टी उरते, आणि फट वरून बघणाऱ्याच्या थेट डोळ्यांखाली येते.

उपाय प्रायमरच्या आधी. दाराच्या चारही कडा ६००च्या पेपरने सपाट पट्टीवर घासा. प्रत्येक कडेला चारपाच फिरक्या, मग बसवून बघा. मास्किंग टेपचा एक तुकडा (साधारण ०.१ मिमी) फटीत दोन्ही बाजूंनी चिकटवून दार मोकळं फिरलं, तर रंगानंतरही फिरेल. कोपरे गोल होऊ देऊ नका. टपाची पट्टी मात्र घासू नका, ती आधीच बारीक आहे. जे काढायचं ते दाराकडून.

---

करडी_छटा

हे टेपचं कळलं, भारी आहे. म्हणजे उतरवायचंच. आयसोप्रोपिल किती लागेल? बाटली एक लिटरची आहे. आणि दारं सुटी रंगवायची की बसवून?

---

वॉटरपेपर

बॉडी जेमतेम १९ सेंमी लांब (४५२० मिमी भागिले २४). डब्यात बुडवायला अख्खी बाटली जाईल. त्याऐवजी जाड झिपची पिशवी घ्या, बॉडी आत, ३०० ते ४०० मिली ओता, हवा काढून बंद करा आणि पिशवी ताटात आडवी ठेवा. दर दोनतीन तासांनी उलटी. १२ ते २४ तासांत रंग सुरकुतून सुटायला लागतो, मग जुन्या टूथब्रशने घासा. फटींत टूथपिक, सुई नको. राखाडी प्रायमर इथे तिथे चिकटून राहिला तर राहू दे, गुळगुळीत असेल तर त्यावरच पुढे जाता येतं.

काचा आणि क्रोमचे भाग त्यात टाकायचे नाहीत. क्रोमच्या मुलाम्याखालचा वार्निशचा थर सुटतो. आणि हे सगळं गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून.

कुणीतरी डेटॉल सुचवेलच. ॲक्रिलिकसाठी उत्तम आहे, या लॅकरवर फार वेळ घेतं. वापरलंत तर लगेच पाण्याखाली धरू नका, चिकट राड होते. आधी कोऱ्या डेटॉलनेच पुसून काढायचं, मग साबण.

---

सुरी_नं_११

दारं: दोन्ही. आधी सुटी, मग बसवून.

सुटी असताना दारांच्या आणि चौकटीच्या फक्त कडांवर प्रायमर आणि चंदेरीचा पातळ फवारा. सुकलं की दारं जागेवर ठेवून आतून टेपने धरा, बॉनेट वेगळं असेल तर तेही, आणि बाहेरचे सगळे हात एकदमच द्या. कारण पुन्हा चकत्याच. दार टेबलावर आडवं ठेवून रंगवलं आणि बॉडी उभी धरून, तर चकत्या वेगळ्या कोनात निजतात. एकाच कॅनमधला रंग दोन छटांचा दिसतो, आणि तो फरक क्लिअरने जात नाही.

हात असे: २० ते २५ सेंमीवरून, हात सतत चालता, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू आणि बाहेरच बंद. पहिला नुसता धुकं, खालचा राखाडी दिसत राहिला पाहिजे. १० मिनिटांनी दुसरा, मग तिसरा, ज्यात रंग झाकला जातो. शेवटचा ३० सेंमीवरून कोरडा फवारा, चट्टे एकसारखे करायला. एका बॉडीला अर्धा ते पाऊण कॅन पुरतो. रंगाआधी कॅन दोन मिनिटं हलवा, घड्याळ लावून. थंडीत तो कोमट पाण्यात ठेवतात, तुमच्याकडे जुलैत गरज नाही.

आणि प्रायमरवर वेळ घालवा. साच्याची शिवण मडगार्डवरून जाते ती १००० ने गेली का, हे बोटाला कळत नाही. टॉर्च आडवी धरा, तेव्हा दिसेल. लाल रंग जे पोटात घालतो ते चंदेरी चव्हाट्यावर मांडतो.

---

पाऊण_मिमी

२के क्लिअर घरात नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या मास्कने ते अडत नाही, आणि बाल्कनीतला वारा शेजारच्या खिडकीत जातो. शिवाय एकाच हातात इतकं जाड बसतं की आत्ता वाचवलेली फट पुन्हा भरेल. टामियाचं टीएस-१३ क्लिअर पुरे. त्यालाही ऑरगॅनिक व्हेपरचं काडतूस असलेला मास्क लावाच.

टीएस-३० नाजूक आहे. दोन दिवस सुकू द्या, मग टीएस-१३चे दोन कोरडे हात, मग एक ओला. पहिलाच ओला दिलात तर चकत्या पुन्हा पोहतील. चंदेरीवर क्लिअर बसलं की ते जरा करडं दिसतं. इथे ते पथ्यावर पडतं, कारण या गाडीचा गाजलेला डीबी १८० हा रंग करडेपणाकडे झुकणारा चंदेरी आहे, स्टीलच्या डब्यासारखा लख्ख नाही.

आठवडाभर थांबून २००० आणि ३०००चा पेपर, मग कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट). चाकांवरच्या त्या भुवयांसारख्या कडांपासून २ मिमी लांब राहा. धारेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतं. तिथे पेपर लागला की खालच्या चकत्या उघड्या पडतात आणि क्रमांक ३ परत आलाच म्हणून समजा.

---

करडी_छटा

सगळ्यांचे आभार. पिशवी भरून ठेवली आहे. शेवटचं: गाडी चंदेरी, क्रोमही चंदेरी, मग काचेभोवतीची पट्टी वेगळी कशी दिसणार? आणि काचा कशाने चिकटवायच्या?

---

सुरी_नं_११

पट्टीला बेअर मेटल फॉइल (चिकट पाठीचा अगदी पातळ धातूचा कागद). जरा मोठा तुकडा लावून इअरबडने दाबत न्या, नवं पातं लावून कापा, पातं जवळजवळ झोपवून. क्रोम पेन वापरलात तर चारपाच दिवस बोट लावू नका, आणि त्यावर क्लिअर मारू नका, आरशाची राख होते. फॉइल आणि रंग यांच्यामधे गडद करड्या वॉशची (खूप पातळ केलेल्या रंगाची) बारीक रेघ गेली की दोन्ही सुटे दिसतात. काळा वॉश नको, चंदेरीवर तो पेनाने गिरवल्यासारखा दिसतो.

क्रोमचे सुटे भाग चिकटवताना सांध्यावरचा मुलामा सुरीने खरवडा, नाहीतर प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) धरत नाही.

काचांना फेविकॉल. टूथपिकने बारीक थेंब, सुकला की पारदर्शक, चुकलं तर ओल्या कापसाने पुसता येतं. सुपरग्लूची वाफ बंद केबिनमध्ये काचेवर पांढरी बसते.

---

वॉटरपेपर

पिशवी रात्री एकदा उलटी करा. आणि उद्या आर्द्रता ६५च्या वर असेल तर उतरवलेली बॉडी नुसती धुऊन ठेवा, दाराच्या कडा घासायला घ्या. ते काम पावसात चालतं.