पडक्या घराचा फोटो काढणारा त्या घराचं काही देणं लागतो का?

रानवाट (धागाकर्ता)

गेली सात वर्षं मी एकाच पडक्या घराचे फोटो काढतोय. पावसाळा सरला की जातो, अंगणातल्या त्याच दगडाजवळ तिपाई लावतो, लेन्स तीच, उंची तीच. पहिल्या वर्षी कौलं शाबूत होती. तिसऱ्या वर्षी आढं मधोमध बसलं. आता मधल्या खोलीतून आभाळ दिसतं आणि जमिनीवर गुडघाभर नेचे माजलेत. गेल्या खेपेला स्विचबोर्डाच्या लाकडी फळीतून एक मूळ बाहेर आलेलं दिसलं. छतापासून वायरिंगच्या पाइपातून उतरत उतरत आलेलं आणि जिथे बटण होतं त्या भोकातून बोटभर डोकावणारं. अर्धा तास मी तिथून हललो नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अशा घरांचे फोटो काढलेच पाहिजेत आणि तेही काही न हलवता, न झाडता, न तोडता. कामिलो होसे व्हर्गारा हे छायाचित्रकार १९७०च्या दशकापासून अमेरिकेतल्या ओसाड पडत गेलेल्या वस्त्यांमधल्या त्याच त्याच इमारतींकडे वर्षानुवर्षं परत जात राहिले. त्यांचे फोटो ओळीने पाहिले की कळतं, घर एका दिवसात पडत नाही. घर पडायचं ते पडणारच, निदान ते कसं पडलं हे तरी राहील.

एका मित्राने परवा सुनावलं, "तू घर मरताना बघत बसतोस." मला हे अजिबात पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

चुनागच्ची

मित्राचं बरोबर आहे. जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून लिहिते. पक्षी फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचं बी छज्ज्यावर पडतं. फटीत ओल असली की तेवढ्यावर रुजतं. पहिली एक-दोन वर्षं मूळ केसासारखं असतं, चुन्याच्या सांध्यातून वाट काढतं. तेव्हा ते हाताने मुळासकट निघतं आणि सांधा चुन्याने भरला की काम झालं. नंतर ते जाड होतं, दगड सरकवतं, फटीतून पाणी आत शिरतं, वाशांची टोकं कुजतात आणि आढं बसतं. तुम्ही सांगितलेला क्रम मला तोंडपाठ आहे.

एकच विनंती. तुमचा पहिल्या वर्षीचा फोटो मोठा करून बघा. त्यात ते रोप आहे का?

रानवाट

बघितलं. आहे. उजव्या छज्ज्यावर, चार पानांचं. मी चौकट मुद्दाम त्याच्यासाठीच थोडी उजवीकडे सरकवली होती, हेही आठवलं.

तरी विचारतो, परक्याच्या भिंतीतलं रोप उपटायचा मला काय अधिकार?

बंद दार

आणि परक्याच्या घराचा फोटो काढायचा अधिकार कुठून आला?

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आमचं घर वारसांच्या वादामुळे अकरा वर्षं कुलूपबंद होतं. कुणीतरी आत शिरून फोटो काढले, "विस्मृतीत गेलेलं घर" असं खाली लिहिलं आणि नकाशावरची खूणही जोडली. फोटो सुंदर होते, मी नाकारत नाही. खिडकीतून आलेला वेल आईच्या कपाटावर चढला होता. पण विस्मृतीत कोण गेलं होतं? माझ्या वडिलांना त्या घराची एकेक पायरी ठाऊक होती. पुढच्या तीन महिन्यांत कोरीव दाराची दोन्ही झडपं चौकटीसकट गेली. फोटो काढणाऱ्याने ती नेली असं मी म्हणत नाही. वाट मात्र त्यानेच दाखवली.

बंद घर आणि सोडलेलं घर बाहेरून सारखंच दिसतं. त्यामुळे आधी मालक शोधा, मग कॅमेरा काढा.

नेचा

मी रानवाट यांच्या बाजूने. मात्र माझं कारण निराळं. माणूस गेल्यावर ते घर रिकामं राहत नाही. माळ्यावर गव्हाणी घुबडं असतात, भिंतीच्या भेगांत पाली, ओल्या कोपऱ्यात शेवाळं. ते रोप उपटा, हे झाड कापा, असं बोलताना आपण त्यांना हिशेबातच घेत नाही. चीनमधल्या शेंगशान बेटावरचं होउतोउवान हे कोळ्यांचं गाव १९९०च्या दशकात रिकामं झालं. आज घरांवर छपरापर्यंत वेल आहे आणि ते पाहून मला वाईट वाटत नाही. फक्त घरट्याजवळ फ्लॅश मारू नका, पिल्लं असतील तर आत पाऊलही नको.

बंद दार

होउतोउवानचं पुढचंही सांगा ना. २०१५ मध्ये ते फोटो जगभर फिरले आणि मग बघ्यांची रीघ लागली. तिथली माणसं शाळा दूर, बंदर अपुरं म्हणून निघाली होती. त्या फोटोंत यातलं काय दिसतं?

तिपाई

मधेच थोडं कामाचं. खिडकीबाहेर लख्ख उजेड आणि आत अंधार असतो, म्हणून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन किंवा पाच फोटो घेऊन जोडतात. वारा असेल तर पानं प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी येतात आणि कडा दुहेरी होतात. वारा पडायची वाट बघा. पानांतून गाळून आलेल्या उजेडाने भिंती हिरवट दिसतात, तो रंग थोडा राहू द्या. त्यावर आणखी हिरवा ओतलेले फोटो मला सहन होत नाहीत, तिथे घर उरतच नाही.

आणि वटवाघळांच्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊ देऊ नका. त्यात वाढणाऱ्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होतो. कुजलेल्या तक्तपोशीवर तर चढायचंच नाही.

चुनागच्ची

नेचा, झाड आणि भिंत एकत्र नांदतात हे लोकांना कंबोडियातल्या ता प्रोहम मंदिरामुळे वाटतं. बाराव्या शतकाच्या अखेरीचं ते मंदिर फ्रेंच अभ्यासकांनी मुद्दाम झाडांसकट ठेवलं. पण तिथेही आधार द्यावे लागतात, ढासळलेले भाग परत रचावे लागतात आणि त्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आहे. आपोआप उभं असल्यासारखं जे दिसतं, त्याच्यामागे माणसांची मेहनत आहे. तुमच्या घरामागे कुणीच नाही.

रानवाट, आता मात्र ते झाड कापू नका. सात वर्षांत मुळाने भिंतीला वेढा घातला असणार. वरून कापलं तर मूळ आत कुजेल, तिथे पोकळी होईल आणि भिंत एकदम येईल. या वेळी भेगेशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या. मग तो दुरुस्ती करणाऱ्याच्याही उपयोगी पडेल.

रानवाट

मोजपट्टी घेऊन जाईन. जमिनीच्या कागदपत्रांवरून मालकांचाही शोध घेतोय, हे सात वर्षांपूर्वी करायला हवं होतं. ते चार पानांचं रोप कालपासून डोळ्यांसमोरून हलत नाही. फोटो काढणं चूक होतं असं अजूनही वाटत नाही. फक्त फोटोच काढला, हे चूक होतं.

बंद दार

आणि मालक नको म्हणाले तर?

रानवाट

तर सातही वर्षांचे फोटो त्यांच्या हवाली करीन आणि कुठेही दाखवणार नाही. पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर त्या दगडापाशी जायचं थांबवू शकेन का, ते मात्र आज छातीठोकपणे सांगता येत नाही.