‘व्हाइट टूना’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका, ठाणे:
अमेरिकेतील सुशी-उपाहारगृहांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी दोन नावांपाशी अडले आहे. ‘व्हाइट टूना’साठी मी ‘पांढरा कुपा’ आणि ‘रेड स्नॅपर’साठी ‘तांबोशी’ असे लिहिले होते. पुढे त्याच लेखात ओशियाना या संस्थेने २०१० ते २०१२ या काळात करवून घेतलेल्या जनुकीय तपासणीचा उल्लेख आला. ‘व्हाइट टूना’ म्हणून विकल्या गेलेल्या नमुन्यांपैकी ८४ टक्के नमुने एस्कोलार या निराळ्याच माशाचे होते, आणि ‘रेड स्नॅपर’च्या १२० नमुन्यांत खरे केवळ ७ निघाले. नावच खोटे असेल, तर अनुवादात त्या नावाचा मराठी प्रतिशब्द द्यावा, की ताटात प्रत्यक्ष येणाऱ्या माशाचे नाव द्यावे?

वाचक, न्यू जर्सी:
मराठी प्रतिशब्द मुळीच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथील एका उपाहारगृहात मी ‘सुपर व्हाइट टूना’ अतिशय आवडीने खाल्ला होता. तो दुधासारखा पांढरा आणि लोण्यासारखा मऊ होता. रात्री पोटाने जो त्रास दिला, त्याचे कारण मला फार नंतर कळले. एस्कोलारची चरबी बव्हंशी मेणासारख्या द्रव्याची असते, ती आपल्याला पचत नाही आणि तशीच बाहेर पडते. जपानमध्ये या माशाच्या विक्रीवर बंदी आहे. अशा माशाला ‘कुपा’ म्हणणे म्हणजे फसवणुकीला आपल्या भाषेतून दुजोरा देणे होय. अवतरणचिन्हांत ‘व्हाइट टूना’ असेच लिहावे.

मत्स्यप्रेमी, मालवण:
‘पांढरा कुपा’ हा शब्द वाचताक्षणीच आमच्याकडचा माणूस थबकेल, कारण कुप्याचे मांस गडद लाल असते. मात्र त्यावरून ‘टूना’ हाच शब्द वापरावा, हे मला मान्य नाही. कुपा आणि गेदर हे शब्द किनाऱ्यावर रोजच्या व्यवहारात आहेत. ते शहरी वाचकाला ठाऊक नाहीत, हा शब्दांचा दोष नव्हे. तांबोशी तर स्नॅपरच्याच कुळातील आहे आणि ‘तांबूस’ या रंगावरूनच तिचे नाव पडले असावे, असे मी मानतो. तेथे अनुवादिकाताईंचे काहीही चुकलेले नाही.

जपानीची अध्यापिका, पुणे:
चुकले आहे ते आधीच्या टप्प्यावर. सुशीच्या पाटीवरचा ‘रेड स्नॅपर’ हा बहुधा ‘ताई’ या जपानी शब्दाचा इंग्रजी अनुवाद असतो. ताई म्हणजे मादाई. तो ब्रीमच्या कुळातील मासा आहे, स्नॅपर नव्हे. शिवाय जपानमध्ये ताईला एवढा मान आहे की दूरान्वयानेही संबंध नसलेल्या माशांच्या नावांना ‘दाई’ हे शेपूट जोडले गेले. किन्मेदाई, आमादाई ही त्याची उदाहरणे आहेत. अशा नावांच्या माशांना ‘आयाकारी-दाई’, म्हणजे ताईच्या पुण्याईवर जगणारे, असे म्हणतात. तिलापियालादेखील ‘इझुमिदाई’ हे नाव मिळाले आणि अमेरिकेत ‘स्नॅपर’च्या नावाने पुष्कळदा हाच तिलापिया वाढला जातो.

‘व्हाइट टूना’ हे नाव मात्र सर्वत्र खोटे नाही. अमेरिकेत डबाबंद टूनावर ‘व्हाइट’ हा शब्द केवळ आल्बाकोर या जातीसाठी लिहिता येतो. तिचे जपानी नाव ‘बिन्नागा’, म्हणजे लांब कल्ल्यांचा. येथे कल्ले म्हणजे कानांपुढचे केस. छातीचे पर लांबलचक असल्यामुळे हे नाव पडले. ‘लांबकल्ल्या’ असा शब्द घडवता येईल.

मत्स्यप्रेमी, मालवण:
माशाच्या बाबतीत कल्ले म्हणजे श्वास घेण्याचे अवयव. ‘लांबकल्ल्या’ वाचून प्रत्येक जण तोच अर्थ घेईल. घडवलेल्या शब्दांची ही अडचण कायमची आहे.

वाचक, न्यू जर्सी:
आणि रूढ शब्दांची अडचण? रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, वास्तविक त्याचा सामनच्या कुळाशी काहीही संबंध नाही. माझ्या आईला मी प्रथमच सामन खाऊ घातला, तेव्हा मी स्वतःच तिला “हा इकडचा रावस” असे सांगितले होते. चव घेतल्यावर ती म्हणाली, “हा रावस नाही रे.” तिला जे जिभेने कळले, ते मला नावामुळे कळले नव्हते.

अनुवादिका, ठाणे:
सर्वांची आभारी आहे. ‘पांढरा कुपा’ मी काढून टाकते. परंतु लेखिकेने तो मासा टूनाच समजून खाल्ला होता आणि सत्य तिला नंतर कळले. मी आरंभीच ‘एस्कोलार’ लिहिले, तर तिचा धक्काच नाहीसा होतो. केवळ ‘व्हाइट टूना’ ठेवले, तर ज्यांना टूना ठाऊक नाही त्यांना कशाचे सोंग घेतले गेले हेच कळत नाही. ‘पांढऱ्या कुप्याच्या नावाने आलेला मासा’ असे लिहिले तर?

मत्स्यप्रेमी, मालवण:
त्याआधी रावसाचा प्रश्न मिटवू या. सामनला ‘रावस’ म्हणण्याची चूक आमच्या किनाऱ्यावरच्या कोळणींनी कधी केलेली नाही. ती इंग्रजी पाट्यांवरून आली आहे. ‘रूढ शब्द’ म्हणून तिचा दोष मराठीवर येता कामा नये.

जपानीची अध्यापिका, पुणे:
पाटी इंग्रजी असली, तरी पुण्यातील मासळीच्या दुकानात “सामन म्हणजे आपला रावसच” हे मी शुद्ध मराठीत ऐकलेले आहे.