टेक्सासात हरणाची शिकार: व्हिजिटर व्हिसावर लायसन्स, हंगाम आणि काळवीट – माहिती हवी

वडाळ्याचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. उत्तर सोलापूर तालुक्यात वडाळा–नान्नज पट्ट्यात आमची शेती आहे. दिवाळी झाली की मी आणि सौ. मुलाकडे सॅन अँटोनिओला जाणार आहोत. संक्रांतीच्या आत परत यायचंच, सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला मी आजवर चुकलेलो नाही.

मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राच्या चुलत्याची तिकडे मोठी रँच आहे, कर्विल गावाकडं. त्यांनी आम्हा दोघांना थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत हरणाच्या शिकारीला बोलावलंय. मुलगा म्हणतो, "आण्णा, इथं हे सगळं कायदेशीर असतं, तुम्ही फक्त या." माझं तसं नाही. नियम कळल्याशिवाय मी दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकत नाही, बंदूक तर लांबच.

माझ्याकडे वडिलांपासूनची बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे, पीक संरक्षणासाठी. आजवर तिच्यातून फक्त हवेत बार काढलेत, ज्वारीतली डुकरं हाकलायला. तो परवाना तिकडे चालतो का? लायसन्स मला वेगळं लागेल की मुलाच्या लायसन्सवर भागेल? माझा जन्म १९६८चा, त्याचा १९९४चा. काही परीक्षा असते म्हणे. आणि हंगाम नक्की कधीपासून कधीपर्यंत?

शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त खटकतंय. त्या रँचवर काळवीटही आहेत, आणि "हवं तर तेही मारा, त्याला हंगाम नसतो" असा निरोप आलाय. आमच्या कडब्याच्या गंजीशेजारी उभं राहणारं काळवीट तिथं कसं काय? आणि मारायला परवानगी कशी? कुणी जाणकार असेल तर नीट सांगा.

सात_रस्ता_ते_टेक्सास

काका, नमस्कार. माझं माहेर सात रस्त्याजवळ, आता बरीच वर्षं ऑस्टिनजवळ राहते. नवऱ्याबरोबर शिकारीला मीही जाते, त्यामुळे अनुभवाचं सांगते. मोठं होईल, पण पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी बंदुकीचं, कारण इथं आपली माणसं खरोखर अडकू शकतात. तुमचा भारतातला परवाना इथं शून्य. पण त्याहून महत्त्वाचं असं, की तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आणि तुमचा मुलगा एच-१बी वर, म्हणजे दोघेही नॉन-इमिग्रंट, तात्पुरते आलेले. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यातला तुमच्या उपयोगाचा एकच: तुमच्या नावावर अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असणं. म्हणजे लायसन्स फक्त हरणासाठी नाही, बंदूक हातात धरण्यासाठीसुद्धा लागतं. रँचवर आदल्या दिवशी "जरा दोन गोळ्या मारून बघा काका" असं कुणी म्हणालं आणि लायसन्स अजून काढलेलं नसलं, तर हात लावू नका. मुलालाही हेच सांगा. इथल्या मित्रांना हा नियम माहीत नसतो, कारण त्यांना तो लागूच नाही.

रानडुकराचं उदाहरण घ्या. टेक्सासात २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायला लायसन्स लागत नाही. मित्र हेच सांगेल, आणि त्याच्यापुरतं ते खरं आहे. तुमच्यापुरतं नाही. डुकरासाठी लायसन्स लागत नसलं तरी बंदुकीसाठी तुम्हाला लागतंच.

आता लायसन्स. ते माणसाचं असतं, घराचं नाही, त्यामुळे दोघांची वेगळी. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंट ते देतं. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात. मुलगा सलग सहा महिन्यांहून जास्त टेक्सासात राहिला असेल तर तो रहिवासी, त्याला साधारण २५ डॉलर. तुम्ही बाहेरचे, तुमचं जनरल लायसन्स सध्या ३१५ डॉलरच्या घरात. इथं एक खड्डा आहे. बाहेरच्यांसाठी पाच दिवसांचं एक स्वस्त लायसन्सही असतं, पन्नासच्या आत. बघून वाटतं, आपल्याला एवढंच पुरे. पण ते हरणाला चालत नाही. काळवीट, चितळ, नीलगाय असल्या बाहेरून आणलेल्या प्राण्यांना आणि टर्की सोडून बाकी शिकारीच्या पक्ष्यांना चालतं. इथलं मूळचं व्हाइट-टेल हरीण मारायचं तर जनरलच हवं. त्याच्यासोबत टॅग, म्हणजे प्राण्याला बांधायच्या चिठ्ठ्या, येतात, आणि हरीण पडल्याबरोबर, जागेवरून हलवायच्या आधी, टॅग भरून बांधायचा असतो.

परीक्षेचं तुम्ही जन्मसालासकट विचारलंत ते बरं झालं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना टेक्सासात हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तुम्ही १९६८चे, सुटलात. मुलाला लागेल, त्याच्या वयाला तो घरी बसून ऑनलाइन करता येतो. थोडे पैसे भरून एका वर्षापुरता पुढे ढकलायची सोयही आहे, पण मी म्हणेन त्यानं कोर्सच करावा. आणि काका, तुम्हाला सक्ती नसली तरी त्याच्या शेजारी बसून बघा. बंदुकीचं तोंड कुठं ठेवायचं, हरणाच्या मागं काय आहे ते पाहिल्याशिवाय घोडा का दाबायचा नाही, कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची, हे सगळं त्यात फार नीट सांगतात.

दुसऱ्या राज्यात जायचं मनात असेल तर तिथलं सगळं नव्यानं वाचावं लागतं. कोलोरॅडोत हीच अट १ जानेवारी १९४९ पासूनच्या जन्माला आहे, म्हणजे तिथं तुम्हालाही कोर्स लागला असता. शिवाय तिथल्या एल्क या मोठ्या हरणाच्या बऱ्याच टॅगांची सोडत निघते आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला भरावे लागतात. नोव्हेंबरात येऊन "या वर्षी एल्क" असं ठरवणं अवघड जातं. टेक्सासात सोडतीची भानगड कमी, कारण जवळजवळ सगळी जमीन खाजगी. मालक ओळखीचा असला की निम्मं काम झालं.

हंगाम: व्हाइट-टेलचा बंदुकीचा सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. उत्तर विभागात जानेवारीच्या पहिल्या रविवारी मिटतो, दक्षिण विभागात तिसऱ्या रविवारी. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अगदी मधोमध आलात, आणि अक्षतांच्या आधी सगळं उरकतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच वेळ. किती मारायची, मादी कुठल्या तारखांना चालते, हे काउंटीगणिक, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागागणिक, बदलतं. नराच्या शिंगांचीही अट बऱ्याच काउंट्यांत आहे: दोन शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच तरी हवं, नाहीतर एक शिंग बिनफाट्याचं हवं. म्हणजे वयात आलेला पण पुरता न वाढलेला नर वाचतो. पहाटेच्या उजेडात दुर्बिणीतून १३ इंच ओळखणं नवख्याला कठीण. पहिल्यांदा जाताय तर त्या तारखांना मादी चालते का ते मालकाला विचारा आणि मादीच धरा.

काळवीट इथं कसं आलं तेही सांगते. १९३०च्या दशकात इथल्या एडवर्ड्स पठारावर ते आणून सोडलं. कर्विल त्याच पठारावर. चितळ त्याच सुमाराचं. नीलगाय दक्षिणेकडे, किंग रँचनं आणलेली. राज्याच्या हिशेबी हे सगळे बाहेरचे प्राणी, म्हणून त्यांना ना हंगाम ना मर्यादा. मालकाची परवानगी आणि लायसन्स एवढं पुरतं. कायद्यानं तुम्हाला कुणी अडवणार नाही. मी मात्र आजवर काळवीट मारलेलं नाही आणि मारणारही नाही. शाळेच्या सहलीत नान्नजला पाहिलेला तो कळप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

काळा_कोट_सोलापूर

ताईंनी तिकडची बाजू चोख मांडली आहे. आण्णा, इकडची बाजू मी सांगतो, जिल्हा न्यायालयात वकिली करतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. सुरुवातीला त्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. त्यामुळे आपल्याकडे हंगाम नाही, लायसन्स नाही, कलम ९ खाली सरळ बंदी. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार दंड.

तुमच्या बारा बोअरबद्दल: पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे हत्यार बाळगायची परवानगी, प्राणी मारायची नाही. डुकरांचा उपद्रव असह्य झाला तर वन खात्याकडून कलम ११ खाली लेखी परवानगी मिळवावी लागते. हवेत बार काढता तेवढंच ठीक, तेही वस्ती बघून.

परत येताना दोन गोष्टी. शिंगं, मुंडकं, कातडं, काहीही आणू नका. "अमेरिकेत कायदेशीर मारलंय" हे कस्टमच्या टेबलावर काळविटाच्या शिंगांना वाचवत नाही. दुसरं, शिकारीला नेलेली बॅग आणि जाकीट विमानतळावर अजिबात आणू नका. खिशात विसरलेलं एक जिवंत काडतूस आपल्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. असे लोक माझ्याकडे आलेले आहेत, चांगल्या घरची वयस्क माणसं, आणि ते प्रकरण निस्तरताना घर दमून जातं.

माळरान_नान्नज

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसणाऱ्यांपैकी मी एक. शिकारीच्या विरोधातला माणूस आहे, तरी लिहितो, कारण आण्णांनी विचारलंय ते मनापासून विचारलंय.

आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर जाहीर केलं, पुढे १,२२२वर आणलं. माळढोक जवळपास दिसेनासा झाला. काळवीट टिकलं, कारण कायदा होताच, पण ज्वारी खाऊ दिली ती तुमच्यासारख्या शेतकऱ्यांनी. पेरलेलं रान तुडवलेलं बघूनही विष न घालणारी माणसं या पट्ट्यात आहेत म्हणून ते आहे. ज्यानं इतकी वर्षं त्याला खाऊ घातलं, त्यानं दुसऱ्या देशात जाऊन त्याच्यावर नेम धरू नये असं मला वाटतं. हरणाचं तुमचं तुम्ही ठरवा.

तिकडचं एक मात्र आपण शिकावं. रायफली आणि काडतुसांवर तिकडे ११ टक्के कर आहे, आणि १९३७च्या त्यांच्या एका केंद्रीय कायद्यानं तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. लायसन्सचा पैसाही तिकडेच. आपल्याकडे गवताळ माळाला "पडीक" म्हणून कागदावर लिहितात आणि त्याच्यासाठी कुणी रुपया मागत नाही.

वडाळ्याचा_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलाला फोन लावून ताईंचं उत्तर वाचून दाखवलं. बंदुकीचा नियम त्यालाही माहीत नव्हता. तो या महिन्यातच कोर्स करतोय, आणि मी पोचल्या पोचल्या पहिलं काम जनरल लायसन्स. महाग आहे, पण काढायचं.

काळविटाला नाही म्हणून कळवलं. त्यांना वाईट वाटलं नाही; उलट सोलापूरकडचे काळवीट कसे राहतात ते विचारत होते. मादी चालते का ते त्यांनी तारखेसकट कळवायचं कबूल केलंय.

ताई, दोन बारीक शंका. लायसन्स काढायला मला काय कागद लागेल? आणि सौ. शाकाहारी आहेत, त्यांना रँचवर यायचंय पण शिकार बघायची नाही. नेलं तर चालेल का?

सात_रस्ता_ते_टेक्सास

काका, पासपोर्ट घेऊन शिकार-मासेमारीच्या मोठ्या दुकानात काउंटरवर जा, तिथंच छापून देतात. छापील प्रतच घ्या आणि पासपोर्टच्या फोटोप्रतीसोबत खिशात ठेवा. गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारा अधिकारी, रानात येऊन तपासू शकतो आणि फोनला रेंज नसते.

काकूंना जरूर न्या. बंदूक हातात न घेता बरोबर येणाऱ्याला लायसन्स लागत नाही. पहाटे तुम्ही ब्लाइंडमध्ये बसाल, म्हणजे मचाणासारखं छोटं खोपटं असतं ते. तोवर काकू रँचच्या घरी राहतील. तिथं चुलीची सोय असतेच. येताना घरची शेंगाचटणी मात्र जास्त आणा, पॅक केलेली, आणि कस्टमच्या फॉर्मवर खायचं आहे असं लिहा.