हलक्या विमानांना इलेक्ट्रॉनिक दृश्यता सक्तीची असावी का?

क्षितिजरेषा

जिथे हवाई वाहतूक नियंत्रकांचे नियंत्रण नसते अशा हवाई क्षेत्रात हलकी विमाने एकमेकांपासून दूर राहतात ती मुख्यतः वैमानिकाच्या डोळ्यांच्या भरवशावर. 'पाहा आणि टाळा' असे या पद्धतीला म्हणतात. हा भरवसा आता पुरेसा राहिलेला नाही, असे माझे ठाम मत आहे. माणूस ज्यात बसून उडतो अशा प्रत्येक विमानाने, मग ते चार आसनी असो, मायक्रोलाइट (अतिहलके विमान) असो किंवा ग्लायडर (इंजिनाविना तरंगणारे विमान), आपली जागा आणि उंची रेडिओवरून सतत सांगत राहणे, म्हणजेच इलेक्ट्रॉनिकदृष्ट्या दृश्य राहणे, कायद्याने बंधनकारक करावे.

हे मत भीतीपोटी बनलेले नाही, त्यामागे साधा हिशेब आहे. प्रत्येकी १०० नॉट वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने सेकंदाला सुमारे १०३ मीटरने जवळ येत असतात. समोरची वस्तू दिसणे, ती विमान आहे हे कळणे, ते आपल्यावरच येत आहे हे उमगणे, वळायचे ठरवणे, हात हलणे आणि विमानाने प्रत्यक्ष दिशा बदलणे या सगळ्याला मिळून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने साडेबारा सेकंद धरले आहेत. म्हणजे दुसरे विमान किमान १,३०० मीटरवर असतानाच दिसायला हवे, आणि त्या अंतरावर दहा मीटर पंखविस्ताराचे विमान पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहूनही थोडे लहान दिसते. त्यातून धडकेच्या मार्गावरचे विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे चिकटून राहते आणि अगदी शेवटच्या क्षणांत झपाट्याने मोठे होते. आपली नजर हालचाल पटकन टिपते, स्थिर ठिपका नाही. पंख धडाच्या वरच्या बाजूला असलेले विमान चढत असेल आणि पंख धडाच्या खालच्या बाजूला असलेले विमान त्याच्या वरून उतरत असेल, तर दोघांच्याही आड स्वतःचेच पंख येतात. तिथे सावधपणा काही करू शकत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा तपास संस्थेने या पद्धतीच्या मर्यादांवर १९९१ सालीच सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. त्याआधी, ३१ ऑगस्ट १९८६ रोजी, लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे एक प्रवासी जेट आणि एक लहान पायपर विमान यांची टक्कर होऊन जमिनीवरच्या लोकांसह ८२ जण मृत्युमुखी पडले. त्या पायपरमध्ये ट्रान्सपॉन्डर (रेडिओवरून विचारणा झाली की आपोआप उत्तर देणारे उपकरण) होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. त्यानंतरच अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवती उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आज अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत एडीएस-बी प्रक्षेपण (विमानाने आपली जागा, उंची आणि वेग आपणहून सतत रेडिओवरून सांगणे) बंधनकारक आहे. ब्रिटनने सक्तीऐवजी उत्तेजनाचा मार्ग धरला आणि २०२० पासून उपकरणाच्या निम्म्या किमतीपर्यंत, कमाल २५० पौंड, परतावा दिला. युरोपीय संघात ड्रोनसाठी आखलेल्या यू-स्पेस क्षेत्रात नियंत्रण सेवा न घेणाऱ्या मानवचलित विमानाला जानेवारी २०२३ पासून इलेक्ट्रॉनिकदृष्ट्या दृश्य राहावे लागते. दिशा सगळीकडे एकच आहे, तर ती अर्धवट का ठेवायची?

वातकुक्कुट

हिशेब बिनचूक आहे आणि डोळ्यांच्या मर्यादाही मला मान्य आहेत. परंतु 'डोळे अपुरे आहेत' यावरून 'प्रक्षेपण सक्तीचे करा' हा निष्कर्ष आपोआप निघत नाही, आणि आपल्या मांडणीत नेमकी तीच उडी आहे.

१९ फेब्रुवारी २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मँगलोरजवळ दोन दोन-इंजिनी विमानांची टक्कर होऊन चौघे मृत्युमुखी पडले. दोन्ही विमाने एडीएस-बी प्रक्षेपित करत होती, म्हणजे आपण मागता ती सक्ती तिथे पूर्णपणे पाळली गेली होती. पण दुसऱ्याचे प्रक्षेपण कॉकपिटमध्ये दाखवणारे साधन दोघांकडेही नव्हते. दोघेही बोलत होते, ऐकत मात्र कोणीच नव्हते.

दुसरे उदाहरण १३ मे २०१९ चे, अलास्कातील केचिकनजवळचे. पर्यटकांना घेऊन निघालेली बीव्हर आणि ऑटर ही दोन तरंगती विमाने एकमेकांवर आदळली आणि सहा जण गेले. तिथे तर दोन्ही कॉकपिटमध्ये वाहतूक दाखवणारी सोयही होती. मात्र ऑटरच्या यंत्रणेतून दाब-उंची (हवेच्या दाबावरून मोजलेली उंची) प्रक्षेपित होत नव्हती, त्यामुळे बीव्हरच्या वैमानिकाच्या ॲपला इशारा देणे शक्यच नव्हते. आणि ऑटरमध्ये जुन्या उपकरणाच्या जागी बसवलेल्या नव्या उपकरणात आवाजी इशाऱ्याची सोयच उरली नव्हती. अद्ययावत करण्याच्या नावाखाली सुरक्षा कमी झाली, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

ज्याच्याकडे पडदा आहे तो पडद्याकडे पाहतो, आणि पडदा रिकामा असेल तर आकाशही रिकामे आहे असे मानू लागतो. सक्ती आल्यावर ही समजूत अधिकच घट्ट होईल. फुगे, पॅराग्लायडर आणि बॅटरी उतरलेली उपकरणे मात्र त्या आकाशात असतीलच.

घारीची गिरकी

मी ग्लायडर उडवतो, म्हणून आमची बाजू मांडतो. इलेक्ट्रॉनिक दृश्यतेला ग्लायडरवाल्यांचा विरोध आहे असे वारंवार म्हटले जाते. ते खरे नाही. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म हे धडकेचा इशारा देणारे उपकरण तयार झाले आणि ग्लायडरवाल्यांनी ते कोणत्याही सर्वसाधारण सक्तीची वाट न पाहता आपणहून स्वीकारले.

त्यामागचे कारण सरळ आहे. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेच्या झोतात, पाच-सहा ग्लायडर एकमेकांपासून थोड्याच अंतरावर गिरक्या घेत असतात. केवळ जवळीक पाहून इशारा देणारे उपकरण तिथे अखंड वाजत राहील आणि वैमानिक ते बंद करून टाकेल. फ्लार्म प्रत्येक ग्लायडरचा पुढच्या काही सेकंदांतला मार्ग आडाख्याने काढते, वळण जमेस धरते, आणि खरोखर धडकेची शक्यता असेल तेव्हाच ओरडते. एडीएस-बी हे मुळात 'मी इथे आहे, या वेगाने या दिशेला जात आहे' एवढेच सांगते. दोन्ही यंत्रणा वेगवेगळ्या लहरींवर आणि वेगवेगळ्या भाषांत बोलतात. उद्या १०९० मेगाहर्ट्झवरचे एडीएस-बी आमच्यावर लादले, तर एकमेकांपासून वाचण्यासाठी फ्लार्म आणि कायद्यासाठी दुसरे उपकरण असे दोन्ही चालवावे लागेल, तेही एका छोट्या बॅटरीवर, कारण इंजिनच नसल्याने वीज निर्माण करणारे काही विमानात नसते. अमेरिकेने ग्लायडर आणि फुग्यांना सूट दिली ती याच अडचणीमुळे. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने एडीएस-एल हा हलका, स्वस्त उपकरणांतून पाठवता येणारा संकेतांचा नमुना पुढे आणला आहे. सक्तीच करायची असेल, तर आधी ही भाषेची फूट मिटवा.

शून्यमेघ

एक मुद्दा राहिला. अमेरिकेत काही विमानतळ हलक्या विमानांकडून उतरण्याचे शुल्क वसूल करण्यासाठी एडीएस-बीचे हेच संकेत वापरतात आणि तेथील विमानमालक व वैमानिकांची संघटना एओपीए त्याला विरोध करत आहे. जी माहिती जीव वाचवण्यासाठी द्यायला लावली, तीच बिल पाठवायला वापरली, तर लोक उपकरण बंद ठेवण्याची वाट शोधतील. वापरावर बंधन घालणारे कलम सक्तीच्या त्याच नियमात हवे, नंतर कधीतरी करायच्या दुरुस्तीत नव्हे.

क्षितिजरेषा

शून्यमेघ यांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो. वातकुक्कुट यांनी दिलेल्या मँगलोरच्या उदाहरणाने माझी मागणी अपुरी होती हेही मान्य करतो. प्रक्षेपणासोबत ग्रहण (इतरांचे संकेत पकडून दाखवणे) आणि कानाला ऐकू येणारा इशारा यांचीही सक्ती हवी, असे मी आता म्हणेन. पण त्याच उदाहरणाचा उलट अर्थही पाहा. त्या दोन्ही विमानांत ग्रहणाची सोय असती, तर प्रक्षेपण आधीच चालू असल्यामुळे दोन्ही वैमानिकांना एकमेकांची माहिती मिळाली असती. एकाने प्रक्षेपण केल्याशिवाय दुसऱ्याच्या ग्रहणाला काही अर्थ नाही. म्हणूनच ही बाब प्रत्येकाच्या वैयक्तिक मर्जीवर सोडता येत नाही: माझ्या उपकरणाचा लाभ बराचसा इतरांना मिळतो आणि खर्च मात्र मला करावा लागतो. अशा ठिकाणी केवळ आवाहनाने सगळे पुढे येत नाहीत.

ग्लायडरच्या दोन उपकरणांबद्दलची तक्रार रास्त आहे. ग्लायडरसाठी मुदत वाढवावी आणि कोणत्या भाषेत बोलायचे हे आधी ठरवावे, पण कायमची सूट नको.

वातकुक्कुट

ग्रहण आणि इशारा या दोन्ही गोष्टी आपण जोडल्यामुळे आपल्यातले अंतर बरेच कमी झाले. तरी एक तांत्रिक बाब सोडवल्याशिवाय मी सक्तीच्या बाजूने हात वर करणार नाही. ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेली हातात मावणारी उपकरणे एडीएस-बी पाठवतात, पण ट्रान्सपॉन्डरप्रमाणे कोणी विचारले तर उत्तर देत नाहीत. प्रवासी विमानातील टक्कर टाळणारी यंत्रणा वैमानिकाला 'वर जा' किंवा 'खाली जा' असा आदेश देते तो समोरच्या ट्रान्सपॉन्डरला विचारून मिळालेल्या उत्तरावर. सेरिटोससारख्या प्रसंगात असे सुटे उपकरण लावलेले लहान विमान नियमाच्या दृष्टीने 'दृश्य' ठरेल, पण जेटच्या वैमानिकाला त्याच्या यंत्रणेकडून आदेश मिळणार नाही. शिवाय काचेला चिकटवलेल्या उपकरणाचे संकेत इंजिन, धातूचा सांगाडा आणि वैमानिकाचे शरीर अडवते, त्यामुळे मागून किंवा खालून येणाऱ्याला ते उशिरा ऐकू येतात. आपण मागता त्या नियमात स्वस्त सुटे उपकरण पुरेसे मानले जाणार आहे की कायम बसवलेला, बाहेर अँटेना असलेला ट्रान्सपॉन्डर? पहिले मानले तर संरक्षण अपुरे राहते, दुसरे मानले तर जुन्या मायक्रोलाइटचा मालक खर्चाखाली दबतो.

क्षितिजरेषा

मोठ्या विमानतळांच्या परिसरात दुसरे, इतरत्र पहिले. जिथे जेट आणि लहान विमान यांचे मार्ग जवळ येतात तिथे ट्रान्सपॉन्डर बंधनकारक असलेली क्षेत्रे ब्रिटनमध्ये आजही आखलेली आहेत, त्यांची हद्द विचारपूर्वक वाढवता येईल. सुट्या उपकरणांच्या बाबतीत, बसवल्यानंतर ते चारही दिशांना किती अंतरावर ऐकू येते याची उड्डाणात एकदा चाचणी घेणे आणि तिची नोंद विमानाच्या कागदपत्रांत ठेवणे एवढे कलम घातले, तर आपली हरकत उरेल का?

वातकुक्कुट

त्या चाचणीत दाब-उंची प्रक्षेपित होते की नाही हेही तपासायचे असेल, आणि ती दरवर्षीच्या तपासणीत पुन्हा घ्यायची असेल, तर हरकत उरणार नाही. केचिकनला नेमके तेवढेच कोणाच्या लक्षात आले नव्हते.